थॅलेसेमिया : क्रिस्पर नेमकं काय करतं, आणि लग्नाआधीची तपासणी

एका ताईंनी विचारलंय, क्रिस्परने (डीएनए ठरलेल्या जागी कापायच्या तंत्राने) थॅलेसेमियाचं, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचं, बिघडलेलं जनुक दुरुस्त होतं का? नाही. २०२३ साली ब्रिटनमध्ये मान्यता मिळालेल्या कॅसजेव्ही या क्रिस्पर उपचारात बीटा-ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनचा एक भाग; या आजारात तोच कमी पडतो) जनुकाला हातच लावत नाहीत. जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन बंद पाडतं ते बीसीएल११ए हे जनुक. रुग्णाच्याच रक्तमूळपेशी काढून या जनुकाचा, तांबड्या पेशी घडताना चालणारा, एन्हान्सर (जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा) तोडतात. मग त्या पेशी परत रुग्णाच्या अंगात सोडल्या की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं आणि कमतरता भरून निघते. त्या सोडण्याआधी हाडांतली जुनी मज्जा ब्युसल्फान या केमोच्या औषधाने रिकामी करावी लागते. वंध्यत्वाचा धोका तिथेच आहे, हे कुणी ठळकपणे सांगत नाही.

आपल्याकडे बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडी-खानापूर पट्ट्यात मामाच्या मुलीशी लग्न अजून होतं. नात्यात दोघेही वाहक (बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असलेले, स्वतः आजारी नसलेले) निघण्याची शक्यता वाढते. तसं असेल तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून सोयरीक ठरण्याआधीच तपासा. आधी सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी : तिच्यात एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ८०च्या किंवा एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७च्या खाली असेल तर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करा. त्यातला एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर गेला तर वाहक. चूक होते ती इथे : अंगात लोह कमी असेल तर एचबीए२ खाली येतं आणि वाहक निसटतो. तेव्हा फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) बघा, कमी असेल तर लोह भरून काढून पुन्हा तपासा. रक्त चढवलं असेल तर तपासणीसाठी तीन महिने थांबा. दोघेही वाहक असतील तर डीएनए तपासणी गरोदरपणाआधीच उरकून घ्या, म्हणजे ११-१२व्या आठवड्यात वारेच्या नमुन्यात नेमकं काय शोधायचं ते हाताशी असतं.