‘द चोझन’मधला अबोला: डॅनी मित्राशी बेइमान ठरतो का?

वाचनवेडी, वडोदरा

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर रविवारी अकरावी-बारावीची सात-आठ मराठी मुले वाचनासाठी जमतात. सध्या आम्ही खाइम पोटोक यांची १९६७ साली प्रकाशित झालेली ‘द चोझन’ ही कादंबरी अभ्यासत आहोत. १९४४ सालच्या ब्रुकलिनमध्ये डॅनीने टोलवलेला बेसबॉलचा चेंडू रूवेनच्या चष्म्यावर आदळतो, काच डोळ्यात जाते, आणि जवळजवळ राहूनही एकमेकांना न ओळखणाऱ्या या दोन ज्यू मुलांची मैत्री इस्पितळात जुळते, इथपर्यंत मुले रमली होती. डॅनीचे वडील रेब सॉन्डर्स हे हसीद पंथाचे गुरू असून त्यांची गादी डॅनीकडे यायची आहे, एवढे सांगितल्यावर मठ आणि गादी ठाऊक असलेल्या या मुलांना पंथाचे वेगळे स्पष्टीकरण लागले नाही.

अडले ते बंदीपाशी. रूवेनचे वडील ज्यू राष्ट्राच्या बाजूने जाहीर भाषण करतात. मसीहा येण्यापूर्वी माणसांनी असे राष्ट्र उभारणे रेब सॉन्डर्स यांना पाखंड वाटते, म्हणून ते डॅनीला रूवेनशी बोलायला मनाई करतात, आणि डॅनी ती पाळतो. “हा तर वडिलांनी लादलेला किट्टा झाला,” असे एक मुलगी म्हणाली (इथल्या मराठी मुलांच्या तोंडी कट्टीपेक्षा गुजराती किट्टाच अधिक) आणि सर्वांनी डॅनीला भित्रा ठरवून टाकले. मला ते पटत नाही, परंतु पुस्तकातला कोणता आधार दाखवावा?

निवृत्त ग्रंथपाल

ताई, बंदीसोबतची धमकी मुलांना पुन्हा वाचायला सांगा. डॅनी बोललेला आढळला तर त्याला कॉलेजातून काढून बाहेरगावच्या येशिवात, म्हणजे धार्मिक विद्यालयात, धाडण्यात येणार असते. त्याने आज्ञा मोडली असती तर मित्र दुरावलाच असता, आणि ज्या मानसशास्त्राची ओढ त्याला सार्वजनिक ग्रंथालयात चोरून वाचताना लागली, तेही सुटले असते. त्या ग्रंथालयात त्याला पुस्तके सुचवणारे गृहस्थ रूवेनचेच वडील असतात, हेही विसरू नये. (सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ज्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले, तिथल्या मुलांना घरी न चालणारे पुस्तक ग्रंथालयात वाचण्याची सोय ही काय चीज आहे, हे जरूर सांगा.) शिवाय रूवेनचे वडील हृदयविकाराने आजारी पडतात तेव्हा डॅनी त्याच्या जवळून जाताना क्षणभर त्याच्या हाताला स्पर्श करतो. तो परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या.

विरोधी बाकावरून

ग्रंथपालसाहेबांचा हिशेब बरोबर आहे, पण त्याची किंमत रूवेनने मोजली. वडील इस्पितळात आणि जिवलग मित्र समोर असून मुका, अशा अवस्थेत हाताच्या एका स्पर्शाने किती भागणार? मुलांचा राग चुकीचा ठरवण्याची घाई करू नये.

माजी शिक्षिका

राग असू द्यावा, मात्र तो रूवेनचा राग आहे हे मुलांच्या लक्षात यायला हवे. संपूर्ण कादंबरी रूवेन सांगतो आणि बंदीच्या काळात तो रेब सॉन्डर्स यांचा द्वेष करतो, त्यामुळे वाचकही नकळत त्याच्या बाजूला जाऊन बसतो.

मुळात या कादंबरीत अबोले दोन आहेत. बंदीच्या फार आधीपासून रेब सॉन्डर्स तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या अभ्यासाव्यतिरिक्त स्वतःच्या मुलाशी बोलतच नाहीत. शेवटी वल्हांडणाच्या ज्यू सणाला ते रूवेनला घरी बोलावतात आणि त्याचे कारण सांगतात: चार वर्षांचा डॅनी एका दुःखी माणसाची गोष्ट वाचून ती तोंडपाठ म्हणून दाखवू लागला, पण त्याला आनंद झाला तो स्वतःच्या स्मरणशक्तीचा, त्या माणसाचे दुःख त्याला शिवलेच नाही. अशा बुद्धीला करुणा शिकवण्यासाठी वडिलांनी मौनाची वाट निवडली. ही वाट मला आजही क्रूर वाटते. परंतु हे सर्व ते रूवेनकडे पाहून बोलतात आणि डॅनी तिथेच बसून ऐकतो. ज्या मित्राशी बोलायला बंदी होती, त्याच्याच मार्फत बाप अखेर मुलाशी बोलतो. डॅनी निष्ठावान की भित्रा, हा वाद या प्रसंगानंतर करावा.

वाचनवेडी, वडोदरा

सर्वांचे आभार. काल तीन खुर्च्या मांडून तोच प्रसंग वाचला. किट्टा म्हणणाऱ्या मुलीकडे रेब सॉन्डर्स यांचे बोलणे दिले होते. वाचता वाचता ती सवयीने डॅनी झालेल्या मुलाकडे वळली, तेव्हा बाकीच्यांनी तिला थांबवले, “त्याच्याकडे बघायचे नाही.” तिने पुन्हा पुस्तकात डोके घातले आणि उरलेले पान फार हळू वाचले.