सारवलेल्या अंगणात पटिंग: अंतराचा अंदाज कसा बसवावा?

धुऱ्यावरचा गोल्फर (दारव्हा तालुका):
नमस्कार. महिन्यातून एकदा नागपूरला गोल्फ खेळायला जाणे होते. एरवी घरच्या सारवलेल्या अंगणात पटिंगचा, म्हणजे चेंडू जमिनीवरून लोळवत होलमध्ये (खळग्यात) घालण्याचा, सराव करतो. होलचा व्यास नियमाप्रमाणे 4.25 इंच असतो, म्हणून तेवढाच खड्डा खणून त्यात डबा बसवला आहे. सहा फुटांवरून दहापैकी आठ चेंडू पडतात. नागपूरच्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) मात्र तसाच फटका दीड-दोन फूट अलीकडेच थांबतो आणि मग घाबरून पुढचा चेंडू मी भलताच लांब मारतो. शिवाय उन्हाने टणक झालेल्या काळ्या जमिनीवर चिपचा (ग्रीनजवळून चेंडू थोडा उचलून मारायच्या फटक्याचा) सराव करावा का, हेही कृपया सांगावे.

बोरधरणकर:
भाऊ, दोष हाताचा नसून जमिनीच्या वेगाचा आहे. ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरने मोजतात: 36 इंचांच्या पट्टीच्या खाचेत चेंडू ठेवून टोक हळूहळू उचलले की साधारण 20 अंशांवर तो आपोआप सुटतो आणि सपाटीवर जितके फूट जातो तितका तो वेग मानतात. घरी मधोमध चिरलेला पाइप एका विटेला टेकवला तरी भागते; आकडा अधिकृत ठरणार नाही, पण तुलना होईल. परवानगी घेऊन तोच पाइप आणि तीच वीट नागपूरच्या सराव-ग्रीनवर लावून पाहा. मग अंगणात गोणपाट किंवा जुनी सतरंजी ताणून अंथरा आणि दोन्हीकडचे अंतर जुळेपर्यंत अंथरूण बदलत राहा.

सरळ रेघ:
वरील उपाय योग्य आहे, परंतु अंगणाला कमी लेखू नये, कारण दिशा शिकण्यासाठी त्याच्यासारखी जागा नाही. पटरचे (पटिंगच्या काठीचे) तोंड एक अंश तिरके झाले तर दहा फुटांवर चेंडू सुमारे दोन इंच सरकतो, म्हणजे होलच्या अगदी काठावर येतो. पटरच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त अंतरावर दोन खिळे ठोकून त्यांच्यामधून फटका मारावा. पटर सरळ वाटेवरून ढळला की खिळा लगेच वाजतो. अंतराचा सराव करताना मात्र डबा झाकून ठेवा आणि 10, 20, 30 फुटांवर सुतळ्या टाका. डबा दिसला की माणूस तो भरण्याच्या मागे लागतो. आणखी एक विचारतो, अंगणाला ढाळ किती आहे?

हरळीवाला:
चिप काळ्या जमिनीवर करू नये. वेजचा (चेंडू उंच उडवायच्या काठीचा) फुगीर तळ टणक भुईवर उसळतो, पात्याची धार चेंडूच्या पोटात लागते आणि चेंडू जमिनीलगत सुसाट सुटतो. पाटाच्या कडेची हरळी त्यापेक्षा कितीतरी बरी. उष्ण प्रदेशातील अनेक ग्रीनवरील गवत तिच्याच कुळातले आहे. घरी बांधकामाची रेती पडली असेल तर बंकरचाही (मैदानावरच्या रेतीच्या खड्ड्यातून मारण्याचाही) सराव होईल. तेथे चेंडूच्या दोनेक इंच मागे रेतीवर घाव घालावा, म्हणजे रेतीच चेंडू उचलते. प्रसिद्ध स्पॅनिश गोल्फपटू सेव्ह बायेस्तेरोस लहानपणी स्पेनमधल्या समुद्रकिनाऱ्यावर एका तीन नंबरच्या आयर्नने (धातूच्या पात्याच्या काठीने) असेच शिकले होते.

धुऱ्यावरचा गोल्फर:
सर्वांचे आभार. ढाळाबद्दल विचारले म्हणून काल पाइप दोन्ही बाजूंनी लावून पाहिला: डब्याच्या दिशेने अकरा फूट, उलट दिशेने जेमतेम सात. सांडपाणी जावे म्हणून अंगण मोरीकडे उतरते आणि डबा मी नेमका मोरीजवळच पुरलेला आहे.