जाळ्याचा आस आणि बोटुकली
बारीक आसाची (म्हणजे बारीक भोकांची) जाळी लावून भोई मंडळींनीच तापी नदीतले मासे संपवले, हे चर्चेत नेहमीचे विधान मला अर्धेच पटते. हतनूर धरणाच्या फुगवट्याकाठी असलेल्या आमच्या घरात आजोबा नव्या जाळ्याच्या आसातून दोन बोटे जोडून घालून पाहत आणि ती अडकली, तर तेवढा भाग उसवून पुन्हा विणायला लावत. पहिल्या पुराला गाभोळीने (पोटातल्या अंड्यांनी) फुगलेले मासे नाल्यात चढू लागले, की फेकजाळे आढ्याला टांगले जाई आणि भाकरीबरोबर सुकट येई (तीही बाजारातून विकत आणलेली).

मात्र चर्चेत न आलेली गोष्ट अशी, की कटला, रोहू व मृगळ वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात. धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही, म्हणून जलाशयात बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) बाहेरून आणून सोडावी लागते. या माशांच्या बाबतीत आमचा पावसाळी संयम तिथे फारसा कामी येत नाही. बोटुकली किती सोडली आणि ती वाढेपर्यंत मोठ्या आसाचीच जाळी वापरली का, यावर पुढची पाटी भरते. मरळ मासा मात्र साचलेल्या पाण्यातच वितो आणि नर-मादी पिल्लांची राखण करतात, त्यामुळे पिल्लांचा लालसर थवा दिसला, की त्या जागी जाळे टाकायचे नाही, हा आजोबांचा नियम आम्ही अजून पाळतो.