जीई-९एक्स की जीई-९०-११५बी: जास्त ताकदवान इंजिन कोणतं?

टर्बोफॅन_कोथरूड:
बोइंग ७७७-९ विमानाच्या जीई-९एक्सला सरसकट 'जगातलं सर्वात ताकदवान इंजिन' म्हटलं जातं, ते मला मान्य नाही; मी त्याची तुलना जुन्या ७७७-३००ईआरच्या जीई-९०-११५बीशी करतोय. सर्वात मोठं म्हणा, हरकत नाही. पंखा १३४ इंच, म्हणजे ३.४ मीटर, ११५बीचा १२८ इंच. पण प्रमाणपत्रावरचा थ्रस्ट (विमान पुढे ढकलणारं बल) बघा: ९एक्सचा सुमारे १,१०,००० पाउंड, ११५बीचा सुमारे १,१५,५००. सगळीकडे फिरणारा १,३४,३०० हा आकडा नोव्हेंबर २०१७च्या चाचणीतला आहे. चाचणीच धरायची तर ११५बीनेही २००२ मध्ये १,२७,९०० गाठले होते. एकाची चाचणी आणि दुसऱ्याचं प्रमाणपत्र शेजारी मांडलं की तुलनाच चुकते.

लोहगाव_रनवे:
नाही पटलं. चाचणीला चाचणी लावली तरी ९एक्सच वर आहे की! प्रमाणपत्रावर किती थ्रस्ट घ्यायचा हे विमानाच्या गरजेवर ठरतं. ७७७-३००ईआर आणि ७७७-९ या दोघांचं कमाल उड्डाणवजन एकच, साधारण ३५१ टन. पण ७७७-९चा पंखविस्तार टोकं उघडल्यावर ७१.८ मीटर होतो, जुन्याचा ६४.८. लांब पंखामुळे तेवढंच वजन उचलताना ड्रॅग (हवेचा विरोध) कमी, म्हणून काही हजार पाउंड कमी चालतात. तुम्ही मोजताय ती विमानाची गरज, इंजिनाची कुवत नव्हे.

टर्बोफॅन_कोथरूड:
कुवत म्हणजे टिकाऊपणासकट. चाचणीच्या स्टँडवर थोडा वेळ जादा इंधन जाळून आकडा मिळवता येतो. सेवेत तीच टर्बाइनची पाती हजारो उड्डाणं टिकावी लागतात. आणि व्यासावरून ताकद कळत नाही याचा पुरावा एअरबस ए-३५०वरच आहे. त्याची रोल्स-रॉइसची इंजिनं ट्रेंट एक्सडब्ल्यूबी-८४ आणि ९७, दोन्हींचा पंखा ११८ इंच. थ्रस्टमधला फरक मात्र साधारण तेरा हजार पाउंडांचा. पंखा जास्त वेगाने फिरवला, कोअर (इंधन जळतं तो आतला भाग) मोठा केला, टर्बाइन जास्त तापवली. त्याची किंमत हॉट सेक्शन, म्हणजे इंजिनाचा तापणारा भाग, मोजतं.

बायपास_१०:
मग व्यास वाढवतात कशासाठी, हे दोघांनीही सोडून दिलंत. थ्रस्ट म्हणजे दर सेकंदाला ढकललेली हवा गुणिले तिच्या वेगातली वाढ. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाने लागते. म्हणून भरपूर हवा हळूच ढकलणं स्वस्त. ९एक्सचा बायपास रेशो (कोअरबाहेरून जाणारी हवा भागिले कोअरमधून जाणारी) दहाच्या आसपास आहे तो याचसाठी. पंख्याची पातीही ११५बीच्या २२ वरून १६ वर आणली. अडचण पात्याच्या टोकाशी येते. ११५बीचा पंखा मिनिटाला २,३५५ फेऱ्यांवर असताना टोकाचा वेग सेकंदाला ४०० मीटर होतो, म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त: शॉक, आवाज, घटलेली कार्यक्षमता. पंखा हळू करावा तर त्याच शाफ्टवरची, पंखा फिरवणारी लो-प्रेशर टर्बाइनही हळू होते, मग तिच्या स्टेज (पात्यांच्या रांगा) वाढतात आणि वजनही. प्रॅट अँड व्हिटनीने ए-३२०निओसाठी ८१ इंची पंख्यामागे साधारण ३:१चा गिअरबॉक्स बसवला तो यातून सुटायला.

लोहगाव_रनवे:
हे बरोबर. पण पुणेकरांनी आणखी एक हिशेब करावा. थ्रस्टचे हे आकडे समुद्रसपाटीचे, आणि सहसा ३० अंशांपर्यंतचेच. त्यापुढे टर्बाइनचं तापमान मर्यादेत ठेवायला इंजिनाचा थ्रस्ट कमी करावा लागतो. लोहगाव विमानतळाची उंची ५९२ मीटर. मे महिन्यात दुपारी ३९ अंश असले की हवेची घनता प्रमाणित हवेपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी. तिथे इंजिनही कमी ढकलतं, पंखही कमी उचलतात, आणि रनवे साधारण २,५३५ मीटरच. मग माल किंवा इंधन उतरवायचं, नाहीतर पहाटे निघायचं. अशा वेळी हाताशी राखीव कुवत असलेलं इंजिनच कामाला येतं, म्हणून मी ९एक्सच्या बाजूने.

टर्बोफॅन_कोथरूड:
ती राखीव कुवत वैमानिकाला वापरता येते का? नाही. इंजिनाचं कंट्रोल युनिट प्रमाणित मर्यादेलाच थांबतं. उलट थंड रात्री, हलक्या विमानाला वैमानिक मुद्दाम कमी थ्रस्ट निवडतात, म्हणजे टर्बाइन कमी तापते आणि शॉप व्हिजिट (दुरुस्तीसाठी इंजिन उतरवणं) लांबते. उड्डाणाच्या गणितात धरता येतो तो प्रमाणपत्रावरचा आकडा, आणि त्यात ११५बी पुढे आहे.