ऑपरेशन फुकट, पण सोबत कोण जाणार?

मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट होतं, तरी म्हातारी माणसं टाळतात, असं बरेच जण म्हणतात. मला हे टाळणं वाटत नाही. माण-खटावातल्या गावातून साताऱ्याच्या सिव्हिलला यायचं म्हणजे एसटी, सोबतीला माणूस आणि त्या माणसाची बुडालेली रोजंदारी. तेही तपासणीला, ऑपरेशनला, पुन्हा दाखवायला असं दर वेळी. सुगीत घरात रिकामं असतं तरी कोण? शिवाय नंतर काही आठवडे डोळ्यांत थेंब घालायचे. आमच्या शेजारच्या आजी एकट्या राहतात. हात थरथरायचा, थेंब गालावरून ओघळायचे, बाटली लवकर संपायची. शेवटी गावच्या आशाताई (आरोग्य कार्यकर्त्या) जाता-येता थेंब घालायला लागल्या.

आणि मोतीबिंदू 'अजून पिकला नाही' म्हणून थांबणं कृपा करून सोडा. हल्ली छोट्या छेदातून, बहुतेकदा बिनटाक्याचं ऑपरेशन होतं. रोजच्या कामात अडायला लागलं की डॉक्टरांना दाखवायचं. फार पिकला तर उलट अवघड जातं. आणि नजर काचबिंदूमुळं, म्हणजे डोळ्याची नस खराब झाल्यामुळं कमी होत असेल, तर गेलेली नजर परत येतच नाही.

ग्रामपंचायतीनं डोळ्यांच्या शिबिराची यादी करतानाच प्रत्येक नावापुढं सोबत कोण जाणार आणि थेंब कोण घालणार, हे लिहून घ्यावं.