रुईचे जुने-नवे उपयोग आणि वाख काढण्याची रीत

माळकरी: शनिवारी मारुतीचा हार आणि रथसप्तमीच्या अंघोळीची सात पानं, एवढ्यापुरतीच रुई आता आठवते. पूर्वी हिचा वाख, म्हणजे खोडाच्या सालीतला धागा, धनुष्याच्या दोरीला, मासेमारीच्या जाळ्यांना वापरत. देवाधर्मातला वापर किती जुना? आणि वाख काढायचा तर अंबाडीसारखा कुजवायचा का?

पोथीवाचक: खूपच जुना. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात शतरुद्रिय होमाची, म्हणजे रुद्रासाठीच्या होमाची, आहुती रुईच्या पानाने द्यायला सांगितली आहे, म्हणजे तिथे पानाचं नातं रुद्राशी. सूर्याशी असलेलं नातं नवग्रहांच्या समिधांत दिसतं: सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर. तिसरं लग्न अशुभ मानत, म्हणून ते रुईशी लावून माणसाशी होणारं चौथं धरायचं, हा अर्कविवाह (संस्कृतात अर्क म्हणजे रुई). महाभारताच्या आदिपर्वातला उपमन्यू भुकेपोटी रुईची पानं खातो आणि आंधळा होतो. ही कथा रचणाऱ्यांना हे झाड डोळ्यांना घातक आहे हे पक्कं माहीत असणार, असं मला वाटतं.

वाखवाला: कुजवू नका. पाण्यात ठेवल्यावर रंग बिघडतो आणि ताकद जाते. सरळ, कमी फांद्यांची, अंगठ्याएवढी जाड खोडं घ्या. जमिनीपासून वीतभर बुंधा ठेवूनच कापा, फुटवे येतात. पानं काढून हातभर लांबीचे तुकडे करा आणि एक-दोन दिवस उन्हात टाका. साल मऊ पडून सुरकुतली की सोला. ओल्या सालीला चीक असतो, त्यामुळे धागे हाताला चिकटतात. फार वाळली तर साल लाकडाला धरून बसते आणि धागा मधेच तुटतो. नेमकी वेळ साधणं हेच यातलं कसब. सोललेल्या सालीच्या आतल्या अंगाचे पांढरे धागे बाहेरच्या सालीपासून हातानेच सुटे करायचे. वेळखाऊ काम आहे, म्हणूनच तयार सुतापुढे ते टिकलं नाही.

बोंडातली म्हातारी, म्हणजे बियांना असलेला कापूस, वेगळी. तो धागा पोकळ, हलका, गुळगुळीत. नुसता कातला तर घसरतो, पीळ धरत नाही. कापसात मिसळावा लागतो. उशीत भरायला मात्र उत्तम. बोंडं उकलण्याआधी तोडा, नाहीतर सगळं वाऱ्यावर जातं.

शिवार: आजचा सगळ्यात चालता वापर शेतात आहे, दशपर्णी अर्कात, म्हणजे किडीवर फवारायच्या, झाडपाला कुजवून केलेल्या द्रावणात. २०० लिटर पाण्याला कडुलिंबाचा पाला ५ किलो. रुई, निरगुडी, करंज, एरंड, सीताफळ वगैरे प्रत्येकी २ किलो. हिरव्या मिरचीचा ठेचा २ किलो, लसूण पाव किलो, शेण ३ किलो, गोमूत्र ५ लिटर. सावलीत महिनाभर ठेवून रोज ढवळायचं. नीट गाळलं नाही तर पंपाचं नोझल तुंबतं.

आणि उपमन्यूची गोष्ट खरंच मनावर घ्या. चीक डोळ्यात गेला तर सुरुवातीला फारसं दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात; काही तासांनी बुबुळाला सूज येऊन धूसर दिसायला लागतं. लगेच वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा, चोळू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. हाराची पानं तोडल्यावर देठ खाली करून चीक निथळू द्या, धुवा, मगच ओवा. हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका, आणि हे काम लहान मुलांना देऊ नका.