[मंडळ-सर्व] वापरलेला डी७५०, ५० एमएमसकट : शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचंय

प्रेषक: मनू

मंडळी, नवा कॅमेरा घेत नाहीये, पाडव्याला झाली तेवढी चर्चा पुरे. बजेट ६००, वर एक डॉलर नाही. इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्येच एक जण निकॉनचा डी७५० कॅमेरा विकतोय. सोबत ५० एमएम १.८ डी लेन्स, एक बॅटरी, चार्जर. ५२५ म्हणतोय. शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत, विचारला तर "सत्तर हजारांच्या आसपास". तळाला ट्रायपॉडच्या भोकात काळा ठिपका आहे, म्हणजे रिकॉलचं, कंपनीने परत बोलावून करायच्या दुरुस्तीचं, सगळं काम झालेलं आहे, असं त्याचं म्हणणं. मला वापर कशासाठी ते ठाऊकच आहे : आपला हॉल, फ्लॅश नाही. सत्तर हजार म्हणजे म्हातारा का?

मनू

---

प्रेषक: नाना
विषय: उत्तर: वापरलेला डी७५०

सत्तर हजारांनी काही बिघडत नाही. या शटरची निकॉनने केलेली चाचणी दीड लाख फोटोंची आहे. तो आकडा म्हणजे औषधाच्या बाटलीवरची तारीख नव्हे, कुणी आधी जातं, कुणी दुप्पट ओढतं. पण "आसपास" चालणार नाही. त्याला म्हणावं, आज एक जेपेग काढ आणि कार्डावरची मूळ फाइल ईमेलला जोडून पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथे फोटो दाबताना एक्झिफ, म्हणजे फाइलमध्ये दडलेली कॅमेऱ्याची नोंद, गळून पडतं. ती फाइल एक्झिफटूल या प्रोग्रॅममध्ये उघडलीस की निकॉनच्या मेकर नोट्समध्ये शटर काउंटची ओळ सापडेल. कॅननच्या बहुतेक बॉडींत हा आकडा फोटोत नसतो, निकॉनमध्ये असतो, एवढं तरी सुख.

काळ्या ठिपक्याचं मात्र त्याने तुला अर्धवट सांगितलंय. डी७५० ची दुखणी दोन. पहिलं, फ्रेमच्या जरा वर तीव्र दिवा असला की फ्लेअर, म्हणजे प्रकाशाचा पसरट डाग, येऊन वरच्या बाजूला आडवी कापल्यासारखी कडा दिसायची. ते २०१५ च्या सुरुवातीला निघालं आणि ठिपका मुळात त्याचा. दुसरं शटरचं : फोटोचा काही भाग काळवंडतो. त्याची सूचना जुलै २०१५ मध्ये आली आणि पुढे २०१६ आणि २०१७ मध्ये आणखी कॅमेरे त्यात धरले गेले. म्हणजे ठिपका असूनही शटर जुनंच असू शकतं. निर्णय सीरियल नंबरवर होतो. नंबर माग, निकॉनच्या पानावर टाकून बघ, आणि शटर बदललेलं असेल तर सर्व्हिसची पावती माग. पावती नसेल तर ५२५ हा भाव नव्हे.

नाना

---

प्रेषक: आबा
विषय: उत्तर: उत्तर: वापरलेला डी७५०

फुल फ्रेमचा, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, अट्टहास कशाला? तेवढ्या पैशात लहान सेन्सरचा डी७२०० येतो, तोही २४ मेगापिक्सेलचा, आणि ५० एमएम त्यावर ७५ एमएमसारखी चालते. मागच्या रांगेतून तेच हवं ना? फोटोग्राफीच्या खरेदीचे प्रश्न आधी छायाचित्रण गटात विचारायचे असं कार्यकारिणीत ठरलं होतं, हेही नोंदवून ठेवतो.

आबा

---

प्रेषक: नाना
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: वापरलेला डी७५०

छायाचित्रण गटात आपण दोघंच आहोत, आबा.

बाकी मुद्दा रास्त आहे, पण हिशोब मांडू. स्टेजपासून ३३ फुटांवर, म्हणजे १० मीटरवर, ५० एमएम फुल फ्रेमवर ७.२ मीटर रुंदी घेते. आपलं स्टेज २४ फुटी, म्हणजे ७.३ मीटर आहे. म्हणजे कडेच्या विंगा सोडून अख्खं स्टेज येतं. डी७२०० वर तेच ४.७ मीटर : तबला, पेटी आणि गायक बसतात, मागच्या तानपुऱ्याचा पत्ता नाही. एकटा गायक हवा असेल तर फुल फ्रेमवर ८५ एमएम लेन्स लागेल, ती ४.२ मीटर घेते, आणि ती काही मनूच्या ६०० मध्ये बसणार नाही. तेव्हा मनूने आधी सांगावं, समूह हवाय की चेहरे. त्यावर कॅमेरा ठरतो.

डी७२०० घेतलास तर एक लक्षात ठेव, सोबत १८-५५ झूम लेन्स देणारे पुष्कळ. हॉलमध्ये ती लेन्स झूम केली की एफ ५.६ वर जाते, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहान होतं. एफ १.८ तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. बॉडी कितीही चांगली असली तरी हा फरक ती भरून काढणार नाही.

---

प्रेषक: माई
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: वापरलेला डी७५०

यावर नाटक पूर्ण रेकॉर्ड होईल का? पहिला अंक ५० मिनिटांचा आहे. हँडीकॅम कुणाकडे आहे हे तीन वेळा विचारून झालंय.

---

प्रेषक: आबा

हँडीकॅम माझ्याकडे आहे, चार्जर संक्रांतीपासून हरवलाय. आणि नाही माई, होणार नाही. डी७५० वर क्लिप साध्या क्वालिटीला फार तर २९ मिनिटं ५९ सेकंदांना थांबते, उच्च क्वालिटीला फार तर २० मिनिटांना. वर ती डी लेन्स. तिला स्वतःची मोटर नाही, बॉडीतला स्क्रू तिला फिरवतो, आणि फोकस शोधताना होणारी घरघर कॅमेऱ्याच्या माइकमध्ये स्पष्ट येते. नाटकाला हँडीकॅमच. चार्जर मागवतो.

---

प्रेषक: ध्वनी-प्रकाश
विषय: एलईडीबद्दल

कॅमेरा कुठलाही घ्या, नंतर "दिव्यांमुळे पट्टे आले" म्हणून आमच्याकडे येऊ नका. नवे एलईडी पार मंद केले की लुकलुकतात, डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. डी७५० मध्ये फोटोसाठी फ्लिकर टाळायची सोय नाही, मेन्यूत आहे ती व्हिडिओची. इथली वीज ६० हर्ट्झ, तेव्हा शटर १/६० किंवा १/१२५ सेकंदावर ठेवा. पुण्याला नेलात तर तिथे ५०, म्हणजे १/५० किंवा १/१००. १/५०० वर गेलात की एका फोटोत चेहरा केशरी, पुढच्यात हिरवा. आणि फ्लॅश बंद म्हणजे बंद, ते फोकस लागावा म्हणून पेटणारं छोटं पांढरं लाइटही मेन्यूतून बंद करा.

---

प्रेषक: नाना
विषय: उत्तर: एलईडीबद्दल

१/१२५ ला तबलजीचा हात पुसट येणार, त्याला इलाज नाही. सम आली की हात क्षणभर ठरतो, तेव्हा दाबायचं. एफ २, १/१२५, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० पासून सुरू कर.

---

प्रेषक: मनू
विषय: उत्तर: वापरलेला डी७५०

समूह हवाय, भजनी मंडळ आणि लेझीम. म्हणजे डी७५० च. फाइल आली, काउंट ७१,३०० च्या घरात. सीरियल नंबर शटरच्या यादीत आहे. पावती सापडत नाही म्हणतो. शनिवारी भेटायला तयार आहे. तिथे नेमकं काय बघू?

---

प्रेषक: नाना

उजेडात भेट, पोलीस स्टेशनच्या पार्किंगमध्ये. स्वतःची दोन एसडी कार्डं ने, दोन्ही खाचा तपासायच्या आहेत. आणि एक छोटा टॉर्च.

आधी शटर. पांढरी भिंत किंवा आभाळ, लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकून धूसर कर, १/४००० वर सलग वेगाने तीसेक फोटो ओढ. स्क्रीनवर भराभर पुढे सरकव. एकाही फोटोत एखादी बाजू काळी किंवा गडद झाली असेल तर कॅमेरा परत दे आणि चहा प्यायला जा. दुरुस्तीचा खर्च घासाघिशीत वळता होत नाही, हे लिहून ठेव.

मग त्याच भिंतीवर एफ १६, आयएसओ १००, एक फोटो. ठिपके दिसतील, जुन्या सेन्सरवर दिसतातच. हवेच्या फुग्याने उडाले तर धूळ. कडेला तेलकट वर्तुळं असतील तर ओली सफाई लागेल, तेवढे कमी करायला सांग. मग लेन्सला टोपी लावून ३० सेकंदांचा एक फोटो, लाल-निळे टिंब, म्हणजे सेन्सरचे बिघडलेले बिंदू, मोज. चार-दोन असले तर सोडून दे.

मागची स्क्रीन पूर्ण बाहेर ओढून वर-खाली कर. चित्र लुकलुकलं तर आतली वायरची पट्टी थकलीय. मेन्यूत बॅटरीची माहिती असते, तिथे बॅटरीचं वय ० ते ४ दिसतं. ३ किंवा ४ असेल तर नवी ईएन-ईएल१५ धरूनच हिशोब कर. अंगठ्याखालचं रबर फुगून सुटलं असेल तर ते फक्त दिसायला वाईट, भाव पाडायला छान.

लेन्स : बॉडीवरून काढ, अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाशाच्या छिद्राची, रिंग १.८ वर आण आणि मागून टॉर्च तिरका मार. धूळ चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, ती नको, तुझ्या बाकीच्या लेन्सच्या पिशवीतही नको. मग रिंग २२ वर ने आणि मागची बारकी दांडी नखाने ढकलून सोड. पाती टचकन मिटली पाहिजेत. पात्यांवर तेल असेल तर आळसावून मिटतात आणि फोटो जास्त उजळ येतात.

---

प्रेषक: आबा
विषय: उत्तर: उत्तर: वापरलेला डी७५०

नानांनी एक सोडलं. लेन्स बॉडीवर परत लावताना रिंग २२ वर नेऊन कुलूप लाव. नाहीतर स्क्रीनवर एफ-ई-ई येतं आणि शटर दबत नाही. विकणाऱ्यासमोर "बिघडलाय" म्हणू नकोस, हसं होईल. दुसरं, ही बॉडी इथलीच का ते विचार. ग्रे मार्केटची, म्हणजे निकॉन यूएसएमार्फत न आलेली, निघाली तर निकॉन यूएसए दुरुस्तीला हात लावत नाही. आणि पैसे झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) आगाऊ मुळीच पाठवू नकोस, गेलेले परत येत नाहीत. हातात कॅमेरा, मग पैसे. पुढे कधी निकॉनचा मिररलेस झेड कॅमेरा घ्यायचं मनात असेल तर ही लेन्स एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर, म्हणजे जुन्या लेन्स झेडला बसवायच्या जोडावर, फक्त हाताने फोकस होईल, म्हणून लेन्सचे फार पैसे धरू नकोस.

---

प्रेषक: मनू
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: वापरलेला डी७५०

घेतला, ४४० ला. १/४००० वर ३६ फोटो, सगळे स्वच्छ. बॅटरीचं वय ३, रबर डाव्या कोपऱ्यात सुटलंय, लेन्स साफ. पावती नाहीच, पण बॉडी इथलीच आहे. यादीत नंबर आहे म्हणून निकॉनला लिहिलंय, काय करतात बघू. एफ-ई-ई आलंच, आबा. त्यालाच माहीत नव्हतं काय करायचं ते.

---

प्रेषक: माई

चार्जर आला का?